फाटकवाली

"लागलं का गं लग्न?"

स्वयंपाकघराच्या खिडकीतून आलेली सासूबाईंची ती हाक तिच्या कानात अजून तशीच होती. तीत थट्टा होती, घाई होती, आणि तापत ठेवलेल्या पाण्याच्या तळाशी जशी बारीक सळसळ असते तशी थोडी भीतीही होती. वाफ्यासमोर उकिडवं बसून, मान न वळवता तिनं उत्तर दिलं होतं. एकच शब्द. "लागलं."

त्या शब्दाला आता फूल आलं होतं.

थंडी पुरती गेली नव्हती. बाकीचे वाफे अजून मातीत तोंड खुपसून झोपलेले होते, आणि मधल्या वाफ्यातल्या एका कोवळ्या रोपानं उंच दांडा काढून त्यावर एक फूल उघडलं होतं. मधाच्या रंगाचं, गळ्याशी हिरवट आणि त्याभोवती विझत्या निखाऱ्यासारखं लालसर कडं. सासूबाई शाल गुंडाळून त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसल्या होत्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला हात वर नेला की हात भलतीकडेच जात होता.

"घड्याळजी," त्या म्हणाल्या, "इकडे ये. बघ कोण आलंय."

ती गेली, पण तिनं फुलाकडे पाहिलं नाही. खुर्चीच्या पायाकडे पाहिलं.

घड्याळजी हे तिला सासूबाईंनी ठेवलेलं नाव. तिचे वडील घड्याळं दुरुस्त करत. ती स्वतः चष्म्याच्या दुकानात कामाला होती, भिंग बसवायचं, काडीचा बारीक स्क्रू आवळायचा. तिचा हात हलत नसे. लग्न ठरवायला आल्या तेव्हा सासूबाईंनी तिचं शिक्षण विचारलं नाही, स्वयंपाक विचारला नाही. म्हणाल्या, "हात पुढे कर बघू." आणि तिचे दोन्ही हात बराच वेळ न्याहाळून मुलाला म्हणाल्या, "तुझं तू बघ बाबा, मला पसंत आहे." नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा. तो अजून सांगतो, "आमच्या आईला सून नको होती, चिमटा हवा होता."

कारण तोवर सासूबाईंच्या हातांना कंप सुटला होता. चहा कपात कमी आणि बशीत जास्त. आणि त्यांचं सगळं काम तर बोटांच्या टोकावरचं. घराच्या कडेनं फाटकापर्यंत गेलेला जमिनीचा पट्टा हीच त्यांची रोपवाटिका. तिथे वाफे, फुटक्या बादल्या, रंगाचे रिकामे डबे, आणि प्रत्येकात डेलिली, लांब पात्यांची, लिलीसारख्या फुलांची. लोक येत, रोपं नेत. पण विकणं हे पोटासाठी. जीव होता तो फुलांची लग्नं लावण्यात.

लग्न म्हणजे काय, तर एका फुलातली परागाची काडी चिमट्यानं खुडायची आणि दुसऱ्या फुलातून जी लांब दांडी बाहेर डोकावते तिच्या टोकाला ती अलगद पुसायची. संकर हा शब्द सासूबाईंना आवडत नसे. "संकर काय! ते पुस्तकात." त्यांच्याकडे सोयरिकी ठरत. कूळ बघितलं जाई, उंची बघितली जाई, रंगाची खोड काढली जाई. बोंड धरलं की "हिला दिवस गेले." आत मिरीएवढ्या काळ्या चमकत्या बिया तयार झाल्या की "सुटली बाई." आणि मुहूर्त एकच, सकाळचा. डेलिलीचं फूल एका दिवसाचं. सकाळी उघडतं, संध्याकाळी मिटतं, उद्याची कळी वेगळी. ऊन चढलं की दांडीचं टोक सुकतं आणि मग कितीही पूड लावा, वरात दारावरून परत.

काम करताना त्या स्वतःशीच काहीतरी रचून गुणगुणत.

*एका दिसाची पाहुणी, आली उन्हाच्या पावली,*
*संध्याकाळी निघताना उंबऱ्याशी घुटमळली.*

समोरच्या गल्लीतला न्हावी दुकानाच्या पायरीवरून ऐके आणि ओरडे, "बाई, फूल टिकतं एक दिवस आणि तुम्ही वाट बघता तीन वर्षं. त्यापेक्षा आमचा धंदा बरा. डोकं महिन्यात परत उगवतं!"

"तुझं उगवत नाही ते बघ आधी," सासूबाई म्हणत. न्हाव्याला टक्कल होतं.

त्यांचं एकच वेड होतं. सगळ्यांच्या आधी फुलणारी हवी. "उन्हाळ्यात काय, दगडालाही फुलं येतात," त्या म्हणत. "थंडीचं शेपूट अजून दारात अडकलेलं असताना जी तोंड उघडते ती खरी." त्यांच्याकडे एक गडद लाल होती, लाली. रूपानं देखणी, पण अंमळ उशिरा उठणारी. आणि त्यांच्या थोरल्या बहिणीकडे, माईंकडे, होती फिकट पीच रंगाची एक, जिला लवकर फुलण्याची घाईच असे. दोन्ही बहिणी एकाच छंदानं झपाटलेल्या. दोघींची लहानपणापासून ठरलेली सोयरीक होती ती: तुझी लवकरची, माझी लाल.

ती सोयरीक मोडली सासूबाईंच्या जिभेनं.

फुलांचं प्रदर्शन होतं. माईंच्या फुलापुढे माणसं उभी होती, वाहवा चालली होती, आणि सासूबाईंच्या लालीकडे कुणी वळत नव्हतं. कुणीतरी विचारलं, "काय हो, कसं आहे बहिणीचं फूल?" सासूबाई म्हणाल्या, "छान आहे की. दहा धुण्यांत विटलेल्या उशीच्या अभ्र्यासारखं." लोक हसले. माई हसल्या नाहीत. त्यांनी आपली कुंडी उचलली, पदरानं तिचा काठ पुसला आणि निघून गेल्या. त्यानंतर बोलणं बंद. एकाच शहरात दोन बहिणी, आणि मधे तो अभ्रा वाळत पडलेला. सासूबाई किती वेळा फाटकापर्यंत निघाल्या आणि चप्पल विसरल्याचं निमित्त करून परत आल्या, हे घरातल्या सगळ्यांना माहीत होतं.

मग माई गेल्या. त्यांच्या मागोमाग त्या ओल्या हंगामात त्यांचं ते रोपही गड्ड्यात कुजून गेलं, एक फुटवा वाचला नाही. माईंची मुलगी, लहान मुलांच्या शाळेत शिकवणारी, एक दिवस दारात आली. तिच्या हातात औषध काढून रिकामी केलेली कॅप्सूल होती, आत चिमूटभर पिवळी पूड.

"आईनं शेवटच्या हंगामात जमवून ठेवलं होतं, मावशी. म्हणाली, हे तिला दे. म्हणावं, तुझ्या लालीला लाव."

सासूबाईंनी ती कॅप्सूल दोन्ही तळव्यांत धरली आणि तळवे थरथरत राहिले. नंतर ती शीतकपाटात गेली, अगदी वरच्या फळीवर, बर्फाशेजारी. पूर्ण हिवाळा घरात कुणी ते दार जोरात लावलं नाही.

लाली फुलली त्या दिवशी सासूबाई पहाटेच उठल्या होत्या. आंघोळीला जाताना न्हाणीघराच्या दारातून त्यांनी बजावलं, "बाहेर काढ, पण उघडू नकोस हं. तिला दम खाऊ दे. खोलीइतकी कोमट झाली की मगच." हे तिला पाठ होतं. गारठलेली पूड उबदार हवेत उघडली की तिच्यावर दव धरतं, आणि भिजलेला पराग म्हणजे मेलेला पराग. घरात हा नियम दुधाच्या भांड्यावर झाकण ठेवावं इतका साधा होता.

पण तिला दुकानात लवकर बोलावलं होतं. मालक आदल्याच दिवशी तिच्या उशिरा येण्यावरून गिऱ्हाइकांदेखत बोलला होता. चहाचं आधण उकळत होतं, डबा भरायचा होता, एक पाय चपलेत होता. तिनं कॅप्सूल काढली, ओट्यावर ठेवली, आणि जरा वेळानं, अगदी जराच वेळानं, तिथेच उघडली. आधणाच्या वाफेत.

पुडीवर आधी नुसती चमक आली. मग ती काचेला चिकटलेल्या ओल्या धुळीसारखी गोळा झाली. तिनं फुंकर मारली, ती तर आणखीच चूक. बघता बघता कॅप्सूलच्या अर्ध्या टरफलात मोहरीएवढा पिवळा चिखल उरला.

ती कितीतरी वेळ त्याच्याकडे बघत उभी राहिली. न्हाणीघरात पाण्याचा आवाज चालू होता, आणि त्यातून गुणगुणणं येत होतं. आज गुणगुणण्यात आनंद होता.

तिथे थांबून, ओल्या केसांनी बाहेर आलेल्या सासूबाईंना दोन शब्द सांगितले असते तर? आकांत झाला असता, बोलणी बसली असती, कदाचित त्या आठवडाभर बोलल्या नसत्या. आणि मग संपलं असतं. पण तिनं नळ सोडला, टरफल धुतलं. पाणी वाहून गेल्यावर तिला कळलं की आपण काय धुतलं. मग ती जवळजवळ पळतच फाटकाशी गेली.

फाटकाशी एक डेलिली होती. घर बांधून देणाऱ्या कंत्राटदारानं फुकट लावून दिलेली, बुटकी, पिवळी. तसली पिवळी प्रत्येक बँकेच्या दारात असते, प्रत्येक पेट्रोल पंपाच्या कडेला असते. सासूबाई तिला फाटकवाली म्हणत, आणि ते कौतुकानं नव्हे. "ती बघा, बत्तिशी काढून उभीच. ना रूप, ना कूळ. कुणीही यावं, ही हसणार." दर वर्षी तीच सगळ्यांच्या आधी फुलायची आणि सगळ्यांच्या नंतर थांबायची. पण तिची गणतीच नव्हती, म्हणून तिचं लवकर येणंही कुणी मोजलं नाही.

तिनं फाटकवालीची एक काडी खुडली, लालीपाशी आली, उकिडवी बसली आणि दांडीच्या टोकाला पुसली. का? निदान तिथे पिवळं काहीतरी दिसावं म्हणून. बाकी डोक्यात काही नव्हतं. आणि तिचा हात, घड्याळं दुरुस्त करणाऱ्याच्या लेकीचा तो हात, अजिबात हलला नाही. नंतर तिला सर्वांत जास्त लाज वाटली ती याचीच.

"लागलं का गं लग्न?"

"लागलं."

तिला वाटलं होतं, धरणार नाही आणि दोष माईंच्या परागावर जाईल. म्हातारा पराग, कोण जाणे कसा ठेवलेला, सासूबाई स्वतःच म्हणत होत्या की आशा नको. पण बोंड धरलं. हिरवं, तिकोनी, दिवसागणिक फुगत गेलेलं. सासूबाई त्याच्यावर हात फिरवायला जायच्या, पण थरथरणारं बोट लागून ते गळेल म्हणून हात नुसता जवळ न्यायच्या आणि परत घ्यायच्या. तिला रोज सकाळी ठरवायचं असे: आज सांगायचं. आणि रोज काहीतरी आड येई. एकदा तर ती "आई, एक बोलायचं होतं," इतकं म्हणालीही. सासूबाईंनी तिचा हात धरला. "बोलू नकोस. मला माहीत आहे तू काय बोलणार. मी तुला कधी शाबासकी दिली नाही, हेच ना? अगं, माझ्या बहिणीला तू माझ्या अंगणात आणलंस. याच्यापुढे मी तुला काय देऊ?" त्यानंतर तोंडात मिठाची गुळणी धरून बसण्याखेरीज काय उरलं!

बिया पेरल्या, रोपं आली, वर्षं गेली. आणि आता हे फूल.

बातमी गल्लीभर झाली. न्हावी एका गिऱ्हाइकाच्या अर्ध्या गालावर साबण तसाच ठेवून बघायला आला आणि पहिल्यांदाच थट्टा विसरला. "बाई, थंडीत! हे तर नवल." सासूबाई म्हणाल्या, "माझं कसलं नवल. कूळ माझ्या बहिणीचं आणि हात माझ्या सुनेचा." न्हाव्यानं तिच्याकडे आदरानं पाहिलं. चोराच्या मनात चांदणं. तिला वाटलं, तो आपल्या बोटांना लागलेला पिवळा डाग शोधतोय. तिनं हात पदराखाली घेतले.

त्या रात्री तिनं नवऱ्याला सांगितलं. तो जेवत होता. घास तोंडातच राहिला.

"म्हणजे ती... पेट्रोल पंपावरची?"

"हसू नका."

"हसत नाहीये." तो पाणी प्यायला. "फूल फुललं ना? आई खूष आहे ना? मग आता उकरायचं कशाला? माई काय साक्ष द्यायला येणार आहे का?"

"तीच तर गोष्ट आहे," ती म्हणाली. "माई येणार नाहीत. म्हणूनच."

त्याला ते कळलं नाही, किंवा कळलं आणि नको झालं. "लिफ्ट अडकली की आतली माणसं आधी बटणं दाबत सुटतात," तो ताट उचलत म्हणाला, "आणि काम वाढवून ठेवतात. तू काही दाबू नकोस."

ती गप्प राहिली असती. कदाचित जन्मभर राहिली असती. पण दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानातून लवकर आली, आणि घराच्या कोपऱ्यावरच थबकली.

सासूबाई फुलाशी बोलत होत्या.

"माई, तो अभ्रा मी मनातून बोलले नव्हते गं. जळाले होते. तुझ्याभोवती सगळे, माझ्याकडे कुणी बघेना, म्हणून जिभेवरून सुटलं. नंतर रोज रात्री उशीवर डोकं टेकलं की तोच शब्द टोचायचा बघ. मी यायला निघायचे. फाटकापर्यंत यायचे. मग वाटायचं, ती दार उघडेल, पण तोंड उघडेल का? आणि तू तर असं केलंस. बोलली नाहीस आणि ही पूड पाठवलीस. म्हणजे माफ केलंस ना? एवढं सांग. मान हलव की गं जराशी."

वारा आला. फूल हललं. सासूबाईंनी रडत रडत हसून दोन्ही हात जोडले, ते जुळेनात, एकमेकांवर आपटत राहिले. आणि मग त्या हलक्या आवाजात म्हणू लागल्या,

*बहिणीचा गं अबोला, जशी भिंत अंगणात,*
*अलीकडे माझा दिवा, पलीकडे तिची वात.*

कोपऱ्यावर उभ्या असलेल्या तिला वाटलं, जमीन दुभंगावी. चोरी पैशाची असती तर परत करता आली असती. इथे एक म्हातारी बाई आयुष्यभराची माफी मागत होती, आणि ती ऐकायला समोर जी उभी होती तिचा माईंशी काडीचा संबंध नव्हता. तिनंच तिला तिथे उभं केलं होतं. ती पाऊल न वाजवता मागे फिरली, गल्लीला वळसा घालून पुन्हा आली, फाटक मुद्दाम जोरात वाजवलं. फाटकवाली नेहमीसारखी पानं पसरून उभी होती. त्या वर्षी तिच्यावर अजून एकही कळी दिसत नव्हती. लेक हिच्याही आधी फुलली होती.

"ऐक गं," सासूबाईंनी आत येताच सांगितलं, "भाचीला बोलावलंय. तिला एक फुटवा देते. माईच्या अंगणात, जिथे तिची होती तिथेच लावेल. खरं तर वर्षभर थांबायला हवं, रोप कोवळं आहे. पण वर्षाचा भरवसा कुणाला? आणि दुसरा फुटवा आपल्या फाटकाशी. येणाऱ्या-जाणाऱ्याला पहिली माई दिसली पाहिजे. नाव पण तेच ठेवायचं, माई."

"फाटकाशी?" तिनं विचारलं. "तिथे तर..."

"ती फाटकवाली ना? काढून टाक. मुळासकट. कितीदा म्हणायचे काढू काढू, आता निमित्त मिळालं."

भाची सुट्टीच्या दिवशी सकाळी आली. येताना माईंचं खुरपं आणलं होतं, मूठ हाताच्या घामानं काळी पडलेलं, आणि एक काठ टवकलेली कुंडी. सासूबाईंनी कुंडी लगेच ओळखली. प्रदर्शनातून माई उचलून घेऊन गेल्या होत्या तीच. त्यांनी टवका चाचपून पाहिला. त्या दिवशी रोपावर नवं फूल होतं. भाची वाकून बराच वेळ बघत राहिली.

"आईचं जरा फिकट होतं, नाही मावशी?"

"कडं बघ ना, कडं. हुबेहूब. माईचं असंच होतं. तू लहान होतीस, तुला काय आठवणार?"

"हो, असेल," भाची म्हणाली, आणि नाक पुसून हसली. "वहिनी, तुमचे उपकार कसे फेडू? आई गेल्यापासून त्या जागेवर मी काही लावलं नाही. मुलांना शाळेत सांगितलं, माझी आई परत येणार आहे. एकानं विचारलं, डब्यात काय आणेल?" ती पुन्हा हसली आणि तिचं हसू मधेच फाटलं.

"वहिनी" म्हणून भाची हात धरायला पुढे आली. सून ओशाळून मागे सरली. "माझे हात मातीचे आहेत," म्हणाली. हात स्वच्छ होते.

"आम्ही चहा घेतो," सासूबाई भाचीच्या खांद्यावर भार देत म्हणाल्या. "तू तेवढ्यात जागा मोकळी कर. मग हे दोन फुटवे सोडवायचे ते तूच. माझं काम नाही ते आता."

ती दातेरी खोरं घेऊन फाटकाशी गेली.

समोर न्हाव्याचं दुकान उघडं होतं, कात्रीची कचकच ऐकू येत होती. तिनं खोऱ्याचे दाते गड्ड्याच्या कडेनं मातीत घातले आणि पाय दिला. जमीन ओली होती, दाते सहज गेले. वर्षानुवर्षं कुणी खत न घातलेला, कुणी न विचारलेला गड्डा, पण मुळं कशी जाड, पांढरी, पाणी साठवून बसलेली. थोडं उचललं तर पानं थरथरली. पानांच्या बुडाशी, अगदी आत, या वर्षीचा पहिला दांडा वर येत होता. टोकाला घट्ट मिटलेल्या कळ्यांचा झुबका.

तिला वडील आठवले. कुणाचं घड्याळ दुरुस्त करताना चक्र तुटलं तर ते गिऱ्हाइकाला आधी सांगत, मग चहा विचारत. "दुसऱ्याच घड्याळाचं चक्र गुपचूप बसवून दिलं तरी काटे फिरतात," ते म्हणत, "पण वेळ कुणाची दाखवतात?" लहानपणी हे तिला कंटाळवाणं वाटे.

फुटवे सोडवले की एक माईंच्या अंगणात जाईल. तिथे भाची रोज पाणी घालील. इथे सासूबाई रोज माफी मागतील. आणि जिचं कूळ खरंच त्या फुलात उतरलं ती या खोऱ्याच्या एका धक्क्यानं कचऱ्याच्या ढिगावर जाईल. म्हणजे आधी माईंना धुऊन टाकलं, आता हिला उपटायचं. आणि हात, हात अजूनही हलत नव्हता! तिनं बघितलं. खोऱ्याच्या दांड्यावर पकड घट्ट, बोटं शांत. त्या शांतपणाची तिला किळस आली.

खिडकी उघडल्याचा आवाज झाला. तीच खिडकी. आवाज मात्र म्हातारा झालेला, काठाला चिरलेला, तरी थट्टा तीच.

"काय घड्याळजी? निघाली का गं?"

तिनं मान वळवली. या वेळी वळवली. खिडकीत सासूबाई होत्या, हातातला कप बशीवर किणकिणत होता, आणि त्यांच्या खांद्यामागे भाचीचा चेहरा. मधे सबंध बाग. इतक्या लांबून हळू बोलण्याची सोय नव्हती. सांगायचं तर ओरडूनच सांगावं लागणार होतं, न्हावी ऐकेल, त्याचं गिऱ्हाईक ऐकेल, गल्ली ऐकेल.

"नाही, आई."

"का? मुळं खोल आहेत?"

तिनं खोरं सोडून दिलं. ते पडलं नाही, मातीत तसंच तिरकं उभं राहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिची बोटं थरथरायला लागली. ती तिनं लपवली नाहीत.

"आई, त्या दिवशी लग्न लागलं नव्हतं."

न्हाव्याची कात्री थांबली.

"माईंची पूड मी आधणाच्या वाफेत उघडली. तुम्ही सांगितलं होतं तसा दम खाऊ दिला नाही. तिचा चिखल झाला. आणि मी ती नळाखाली धुतली, आई. तुम्ही आंघोळीला गेला होतात."

बशीवरची किणकिण एकदम वाढली, मग बंद झाली. भाचीनं कप धरला असावा.

"मग माझ्या लालीला..." खिडकीतला आवाज तिथेच अडला.

ती खाली बसली. उचकटलेल्या गड्ड्याची माती दोन्ही हातांनी पुन्हा मुळांवर ओढली, आणि त्या बुटक्या, बिनकुळाच्या पानांवर हात ठेवूनच वर पाहत म्हणाली,

"हिचं लावलं. फाटकवालीचं. तुम्ही विचारलंत तेव्हा मी 'लागलं' म्हणाले, ते खोटं होतं."